वेड्या राघूच्या बिळातले माइट : कसे गोळा करावेत, कसे ओळखावेत

वेडा राघू तारेवरून झेपावतो, हवेतच माशी किंवा चतुर टिपतो आणि परत तारेवर येऊन ते भक्ष्य आपटत बसतो, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्याचं घर मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ओढ्याकाठची दरड, रस्त्यासाठी कापलेला उतार, मुरमाची खाण अशा ठिकाणी नर-मादी मिळून चोचीनं माती उकरतात आणि पायांनी मागे ढकलतात. तोंडाशी जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद, आत मीटरभर किंवा त्याहून लांब बोगदा आणि टोकाला फुगीर खोली. खोलीत काडी नाही, गवत नाही, पीस नाही. पांढरी गोलसर अंडी उघड्या मातीवर. पण पिल्लं बाहेर आली की अंथरूण आपोआप तयार होऊ लागतं. माश्यांचे पंख, भुंग्यांची कवचं, पिल्लांनी उलटून टाकलेल्या न पचलेल्या गोळ्या, आणि या सगळ्यावर शीट. बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलेलं असताना आत अंधार, दमटपणा आणि फारसं न बदलणारं तापमान. अशा जागी माइट नसतील तरच नवल.

माइट म्हणजे कोळी, विंचू यांच्या नात्यातले, बहुतेक एक मिलिमीटरहून लहान असलेले आठ पायांचे जीव. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात तोही यांतलाच. जगात यांच्या ५० हजारांहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत आणि बिननावाच्या त्याहून कितीतरी जास्त आहेत. आपल्याकडे बिळात घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या माइटवर काम करणारी माणसं इतकी थोडी आहेत की नवख्यालाही खरोखर नवीन काहीतरी दिसू शकतं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे. बिळात सापडलेला प्रत्येक माइट बिळाचा रहिवासी नसतो, आणि बिळाचा प्रत्येक रहिवासी पक्ष्याचं रक्त पीत नसतो. नवखा माणूस भिंगाखाली वळवळ पाहतो आणि ‘पिल्लांना किडे लागले होते’ असं लिहून मोकळा होतो. त्या वळवळीतले बरेचसे शीट, बुरशी, मेलेले किडे किंवा एकमेकांना खाणारे असतात.

पहिला सराव खुराड्यावर

थेट दरडीकडे धावू नका. केरातले जीव खाली पाडणारं नरसाळं कसं लावायचं, मुंगी आणि माइट यांतला फरक नजरेला कसा बसवायचा, ब्रशच्या टोकावर जीव कसा उचलायचा, हे सगळं शिकायला गावठी कोंबड्यांचं खुराडं उत्तम. तिथला तळाचा केर, फळ्यांच्या फटीतली धूळ ओंजळभर आणा. त्यासाठी मालकाच्या होकाराखेरीज कोणाची परवानगी लागत नाही. खुराड्यात कोंबडीचा तांबडा माइट, म्हणजे डर्मानिसस गॅलिनी, सापडण्याची शक्यता चांगली असते. तो दिवसा फटीत दडतो आणि रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो. पोट भरलेलं असेल तर लाल, पचत आलं की काळपट, उपाशी असेल तर राखाडी. हे तीन रंग एकदा ओळखीचे झाले की पुढे बिळातला नमुना पाहताना मोठी मदत होते. झाडाखालचा कुजका पाला किंवा गांडूळखतही एकदा लावून बघा. त्यात येणारे काळे-तपकिरी, चकचकीत, सुस्त माइट मातीतले असतात आणि तेच बिळातही हटकून भेटतात.

बीळ कोणाचं

दरडीत भोक दिसलं की ते वेड्या राघूचंच असं समजू नका. खंड्याही दरडीत बीळ करतो. कधी विहिरीच्या मातीच्या कडेतसुद्धा. त्याचं भोक जरा मोठं असतं आणि आत माशांची हाडं, खवले, खेकड्यांचे तुकडे सापडतात. मासे खाणाऱ्या खंड्यांच्या बिळाचा वास तर तोंडाशीच येतो. कवड्या खंड्या नदीकाठच्या उभ्या दरडीत बीळ करतो. रिपेरिया गटातल्या पाकोळ्या वाळूच्या दरडीत शेजारी-शेजारी कितीतरी भोकं पाडतात, आणि त्यांच्या खोलीत पिसं-गवताचं मऊ अंथरूण असतं. वापरातल्या बिळाच्या तळाशी पक्ष्याच्या पायांनी पडलेल्या दोन समांतर खाचा दिसतात. बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जुनं जाळं असेल तर तिथे सध्या कोणी ये-जा करत नाही. उंदीर, घूस, खेकडा आणि घोरपड यांची बिळंही त्याच दरडीत असतात. त्यांचा आकार बहुधा वेडावाकडा आणि जागा पायथ्याशी असते.

पक्षी कोणता हे डोळ्यांनी पाहूनच लिहायचं, भोकावरून अंदाजानं नाही. हंगामात लांबून, दुर्बिणीनं, कोण आत शिरतं हे पाहून ठेवा. बिळाला खूण म्हणून दरडीवर काही रोवू नका. फोटोत दरडीचा आकार आणि भोकाची जागा टिपली की पुरतं. आणि घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. चार दिवसांत तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. वन्य पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विचलित करणं हेही तिच्यात येतं. शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधनासाठी याच कायद्याच्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून परवाना मिळू शकतो. एकट्यानं अर्ज करण्यापेक्षा एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातर्फे, मार्गदर्शक शिक्षकाच्या नावानं केलेला अर्ज बरा. त्यात कोणती जात, किती बिळं, कोणता महिना, घरट्याला हात कधी लावणार, नमुने शेवटी कुठे ठेवणार, हे स्पष्ट लिहा. जमीन खाजगी असेल तर मालकाचा होकार वेगळा घ्यावा लागतो.

परवाना हातात येईपर्यंत करण्यासारखं बरंच आहे: लांबून निरीक्षण, हंगामाच्या नोंदी आणि खुराड्यावरचा सराव. बिळात हात घालायचा नाही, एवढंच.

वेळ साधणं

वेड्या राघूचा हंगाम महाराष्ट्रात साधारण फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत. पिल्लं उडून गेल्याची खात्री झाल्यावर आणि पावसानं दरड भिजण्याआधी, अशी आपली फट असते. ती अरुंद असते. कोकणात जूनच्या सुरुवातीलाच सर कोसळते. देशावर थोडी सवड मिळते. पावसानंतर दरड ढासळते, खोलीत पाणी शिरतं आणि नमुन्याचा अर्थ बदलतो.

उशीर केला तर दुसरंही नुकसान होतं. पक्षी गेल्यावर रक्तावर जगणारे माइट उपाशी पडतात. त्यांतले काही तिथेच महिनोन्‌महिने टिकतात, काही दुसरा यजमान, म्हणजे ज्याचं रक्त प्यायचं तो प्राणी, शोधायला बिळाच्या तोंडाकडे सरकतात. त्याच वेळी मुंग्या आत शिरून सफाई करतात. म्हणून पिल्लं उडाल्यावर आठवडाभरात घेतलेला नमुना आणि दोन महिन्यांनी घेतलेला नमुना यांची तुलनाच होत नाही. किती दिवसांनी घेतला हे दर वेळी लिहायला हवं.

पिल्लं गेली की नाही हे कसं ठरवायचं? दोन-तीन दिवस सकाळी लांबून बसा. चोचीत किडा घेऊन कोणी आत जात नसेल आणि मोठी झालेली पिल्लं जवळच्या तारेवर आईबापांकडे मागत असतील, तर बीळ रिकामं असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर मोबाइलला जोडता येणारा नळीसारखा बारीक कॅमेरा आत सरकवून खात्री करा. हा कॅमेरा वापरातल्या बिळात कधीही घालायचा नाही, परवाना असला तरी.

दरडीपाशी

एकट्यानं जाऊ नका. दरड वरून पोखरलेली असते आणि खाली बसलेल्या माणसावर कोसळू शकते. वाळू उपशाच्या जागी तर हमखास. वरच्या कडेवर कोणी उभं राहू नये. रिकाम्या बिळात साप असतो, कधी बेडूक, कधी गांधीलमाश्या. आधी कॅमेरा, मग हत्यार, आणि बोटं कधीच नाहीत. सुकलेल्या शिटेच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असू शकतात, म्हणून एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा घाला, म्हणजे अंगावर चढलेलं काही असेल तर लगेच दिसतं.

सामान फार नाही. लांब दांड्याला घट्ट बांधलेला चमचा, ज्याची मान किंचित वाकवलेली आहे. दांड्यावर दर १० सेंटिमीटरला खूण. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, कापडी पुरचुंड्या, पेन्सिल, बाँड कागदाच्या चिठ्ठ्या, मोजपट्टी, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र.

बीळ खणून उघडायचं नाही. वेडे राघू बहुधा नवं बीळ खोदतात हे खरं, पण जुन्या बिळात इतरांचा मुक्काम पडतो आणि फोडलेली दरड पुढच्या वर्षी कोणाच्याच कामाची राहत नाही. चमच्यानं मिळेल तेवढंच घ्या.

एका बिळातून तीन नमुने घ्या: तोंडापासून पहिल्या वीतभरातली माती, बोगद्याच्या मधली, आणि खोलीतला केर. तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत. खोलीतला नमुना सगळ्यांत भरलेला असतो, पण तोंडाजवळचा सोडू नका, कारण यजमानाची वाट बघणारे तिथे जमतात. युरोपात रिपेरिया पाकोळ्यांच्या वसाहतींत त्यांच्या पिसवा वसंतात बिळांच्या तोंडाशी गोळा होऊन परतणाऱ्या पक्ष्यांची वाट पाहतात, हे चांगलं नोंदलेलं आहे. त्याच पाकोळीच्या बिळात इक्सोडिस लिविडस नावाची गोचीड राहते, आणि तिचं सगळं आयुष्य जवळजवळ याच एका पक्ष्याच्या बिळांत जातं.

आता चौथा नमुना. त्याच दरडीत, बिळापासून हातभर-दोन हात बाजूला, जिथे भोक नाही तिथली तेवढीच माती, तेवढ्याच खोलीवरून शक्य नसेल तर जमेल तितकी आतून. हा शेजारचा नमुना नसेल तर बाकीच्या तिन्हींतून निष्कर्ष काढता येत नाही. खोलीत १२ ऑरिबाटिड, म्हणजे कुजक्या पाल्यातले ते चकचकीत माइट, सापडले आणि शेजारच्या मातीतही तितकेच सापडले, तर ते दरडीचे आहेत, बिळाचे नाहीत. माझ्या मते नवख्यांच्या कामातला सगळ्यांत मोठा दोष हा नमुना न घेण्यातच असतो. सूक्ष्मदर्शक साधा असला तरी निभावतं, पण या पिशवीवाचून काही सांगता येत नाही.

केर मोजून घ्या. १०० ते २०० मिलिलिटर पुरे. दर वेळी तेवढाच. पिशवी घट्ट बंद करून गाडीच्या डिकीत टाकलीत तर आत वाफ धरते आणि जीव बुडून मरतात. केर कापडी पुरचुंडीत, पुरचुंडी पिशवीत, पिशवी सावलीत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नरसाळ्यावर.

नरसाळं

इटलीच्या अंतोनिओ बर्लेसे यांनी १९०५ मध्ये तापवलेल्या नरसाळ्यातून मातीतले जीव खाली पाडण्याची युक्ती काढली. पुढे १९१८ मध्ये स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेन यांनी उष्णतेसाठी वर विजेचा दिवा टांगला. आजही जगभर हेच वापरतात, आणि ते घरी बनवता येतं. केर वरून सुकत जातो, ओल आणि सावली शोधत जीव खाली सरकतात आणि नरसाळ्याच्या नळीतून स्पिरिटमध्ये पडतात.

मोठं प्लास्टिकचं नरसाळं घ्या, किंवा पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा करा. आतून गुळगुळीत असावं. चरे असतील तर माइट तिथेच चिकटून बसतात. त्यावर दोनेक मिलिमीटर भोकांची जाळी बसवा आणि केर तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड पसरू नका. वर १५ ते २० सेंटिमीटरवर २५ किंवा ४० वॉटचा तारेचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. हल्ली असा बल्ब शोधावा लागतो. देवघरातल्या किंवा पिल्लं उबवण्याच्या सामानात मिळून जातो.

राघूच्या बिळातला केर वाळूमिश्रित असतो आणि ती वाळू सतत खाली झरते. त्यासाठी आधी नरसाळ्याखाली कोरा कागद ठेवून केर पसरा, हलकेच थोपटा, खाली पडलेली वाळू परत वर टाका, आणि धूळ बसल्यावरच स्पिरिटची कुपी खाली लावा. कुपीत ७० ते ८० टक्के इथेनॉल. ते मिळायला अडचण असेल तर औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. जेलच्या रूपातलं सॅनिटायझर नको. कुपीच्या तोंडाभोवती कापूस लावा, नाहीतर उडणारे कीटक स्पिरिटच्या वासानं येऊन पडतात आणि त्यांनाही तुम्ही बिळाचे रहिवासी धरता.

तीन ते पाच दिवस तसंच राहू द्या. पहिल्या दिवशी बल्ब लांब, मग रोज जरा जवळ. एकदम तापवलं तर सुस्त चालीचे माइट वरच वाळून जातात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीचं तापमानच इतकं असतं की पहिले दोन दिवस दिवा लावायचीही गरज पडत नाही.

सगळे खाली येत नाहीतच. अंडी, कात टाकायला थांबलेली पिल्लं आणि तोंड नसलेल्या अवस्था जाळीवर राहतात. उरलेला केर मिठाच्या दाट पाण्यात ढवळा. लिटरभर पाण्यात विरघळेल तितकं, म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम मीठ. वाळू तळाशी बसते, हलके जीव वर तरंगतात. त्यांच्याबरोबर माश्यांचे पंख आणि भुंग्यांची कवचंही ढिगानं तरंगतात, त्याला इलाज नाही. गाळून घ्या, साध्या पाण्यानं धुवा आणि वेगळ्या कुपीत ठेवा.

निवडणं

गहू निवडायला बसल्यासारखं हे काम आहे. उथळ पांढऱ्या बशीत थोडंसं स्पिरिट घाला, त्यात कुपीतलं चमचाभर ओता आणि २० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीनं पाहत जा. उचलायला शून्य नंबरचा रंगाचा ब्रश किंवा ड्रॉपर. चिमट्यानं माइट चिरडतो.

सहा पाय दिसले म्हणून लगेच कीटक ठरवू नका. माइट आणि गोचीड अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांना सहाच पाय असतात. मिशा आहेत का पाहा, शरीराचे डोकं-छाती-पोट असे भाग आहेत का पाहा. माइटला मिशा नसतात आणि शरीर एकसंध गाठोड्यासारखं असतं. चपट्या बाजूंची, लांब मागच्या पायांची पिसू वेगळी. पिल्लांच्या शिटेत वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या, भुंग्यांच्या केसाळ अळ्या, मुंग्या यांना वेगळ्या कुपीत टाका, फेकू नका. युरोपातल्या वेड्या राघूंच्या बिळांत कार्नस हेमाप्टेरस नावाची रक्त पिणारी बारीक माशी असते, जी पिल्लावर पोहोचल्यावर स्वतःचे पंख गाळून टाकते. अशा काही गोष्टी आपल्याकडच्या बिळात आहेत का, हे फेकलेल्या कुपीतून कधीच कळणार नाही.

कोण कोण भेटतं

जातीपर्यंत ओळख पहिल्या वर्षी साधणार नाही. गट ओळखता आले तरी खूप झालं.

मेसोस्टिग्माटा हा गट बिळात सर्वांत महत्त्वाचा. तपकिरी, चपळ, पाठीवर कडक ढाल, आणि श्वासाची छिद्रं तिसऱ्या-चौथ्या पायांच्या आसपास शरीराच्या कडेला. यातच रक्त पिणारे आणि त्यांना खाणारे असे दोन्ही येतात, म्हणून गडबड इथेच होते. डर्मानिसस मादीच्या तोंडात सुईसारखे लांब, बारीक अवयव असतात आणि पाठीची ढाल मागे जणू कापल्यासारखी संपते. ऑर्निथोनिसस बर्सा हा उष्ण प्रदेशातला रक्तपिपासू. साळुंकी, कबुतरं, कोंबड्या यांच्यावर तो सापडतो आणि घरट्यातून माणसावरही येतो. त्याची ढाल मागे निमुळती. याउलट अँड्रोलेलॅप्स कॅसॅलिस हा बहुतांशी शिकारी. पक्ष्यांच्या घरट्यांत तो सर्रास आढळतो आणि कोंबडीच्या तांबड्या माइटलाच खातो. परदेशात कुक्कुटपालनात त्याला मुद्दाम सोडतात. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही पिल्लांच्या त्रासाचा आळ घेणार, तो कदाचित राखणदार निघेल.

मॅक्रोकिलीस हे याच गटातले, गडद तपकिरी, पुढचे पाय बारीक आणि मिशांसारखे चाचपणारे. ते माश्यांची अंडी आणि बारीक सूत्रकृमी खातात, आणि एका शेणापासून दुसऱ्या शेणापर्यंत माशीच्या किंवा भुंग्याच्या अंगावर बसून जातात. ते बिळात आले ते पक्ष्यामुळे नाही, शिटेवर आलेल्या माश्यांमुळे. युरोपोडिना म्हणजे कासवासारखे गोल, पाय ढालीखाली ओढून घेणारे, संथ. त्यांचीही एक तरुण अवस्था शरीराच्या मागच्या टोकातून देठ काढून भुंग्याला चिकटते आणि फुकटचा प्रवास करते. निवडताना भुंग्याच्या पोटाखाली अशी देठं दिसतात का, जरूर पाहा.

अ‍ॅस्टिग्माटा हे मऊ, पांढुरके, अर्धपारदर्शक, लांब केसांचे. बुरशी, कोंडा, मेलेली कातडी, धान्याचा चुरा यांवर जगणारे. आपल्या गाद्या-उशांतल्या धुळीत राहणारे आणि दम्याला निमित्त होणारे माइट याच गटातले आहेत. त्यांचं कूळ माणसाच्या घरात येण्याआधी पक्ष्यांच्या घरट्यांशी जोडलेलं होतं, असं अभ्यासक मानतात. या गटात एक फार विचित्र कुटुंब आहे, हायपोडेरॅटिडी. त्यांची तोंड नसलेली तरुण अवस्था पक्ष्याच्या कातडीखाली वाढते, आणि प्रौढ झालेले माइट घरट्यात राहून काहीच न खाता अंडी घालून संपतात. कबुतरं, बगळे, घुबडं यांच्यात ते माहीत आहेत. लांबट, फिकट, आखूड पायांचं काही दिसलं तर ती कुपी जाणकाराला दाखवा.

पिसांवरचे माइटही अ‍ॅस्टिग्माटाच, पण ते पिसावरच जगतात. पिसाचं तेल, त्यावरची बुरशी आणि जिवाणू खातात, रक्त पीत नाहीत. बिळात गळलेलं पीस मिळालं तर ते प्रकाशासमोर धरून पिसाच्या शिरांमधल्या खाचा पाहा. रांगेत बसलेले ठिपके दिसतील. केरात ते सापडलेच तर पिसावरून पडलेले समजायचं.

प्रोस्टिग्माटामधला शायलेटस चटकन ओळखू येतो. पिवळसर, तोंडाजवळ दोन जाड, विळ्यासारखे अवयव आणि त्यांवर कंगव्यासारखे दाते. तोही शिकारी, धान्याच्या कोठारातही भेटतो. ऑरिबाटिडा म्हणजे तुम्ही पालापाचोळ्यात पाहिलेले चकचकीत काळे. त्यांच्याबद्दल शेजारचा नमुना काय म्हणतो ते आधी बघायचं.

गोचीड आली तर तिची चामड्यासारखी पाठ आणि दातेरी तोंड यांवरून ती ओळखता येते.

स्लाइड

गट ठरवायला कधी कधी जवळून पाहावं लागतं. माइटला लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवलं की तो काही तासांत, गडद असेल तर काही दिवसांत, पारदर्शक होतो. मध्ये खळगा असलेल्या स्लाइडवर आम्लाचा थेंब, त्यात माइट, वर अर्धवट सरकवलेली काच. काच हलवली की माइट लोळतो आणि पोट, पाठ, कड सगळं पाहता येतं. १०० ते ४०० पट मोठं दाखवणारा कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मनू प्रकाश यांच्या गटानं २०१४ मध्ये पुढे आणलेलं फोल्डस्कोप, म्हणजे घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक, हेही साधारण १४० पट मोठं दाखवतं. गट ओळखायला ते चालतं, निवडायला नाही. कायमच्या स्लाइडसाठी हॉयर माध्यम नावाचं चिकट द्रावण वापरतात. त्यातला क्लोरल हायड्रेट हा घटक विषारी आहे, तो प्रयोगशाळेतच आणि शिक्षकासमोर हाताळायचा.

स्लाइड करण्याआधी रंगाची नोंद करा. लॅक्टिक आम्ल पोटातलं सगळं पुसून टाकतं, आणि पोटातला लाल-काळा डाग हाच ‘यानं रक्त प्यायलं’ याचा तुमच्याकडचा सर्वांत सोपा पुरावा असतो.

आकडे वाचताना

एका बिळात ४०० आणि शेजारच्यात १५ माइट सापडले, तर पहिलं ‘जास्त बाधित’ असं लिहिण्याचा मोह होतो. त्या ४०० मध्ये ३७० बुरशी खाणारे आणि उरलेले शिकारी असतील, आणि १५ मध्ये १२ डर्मानिसस असतील, तर गोष्ट उलटी आहे. म्हणून एकूण बेरीज मी तर लिहीतच नाही. चार रकाने करा: रक्त पिणारे, शिकारी, केर खाणारे, मातीतले. प्रत्येकासमोर खोली, मध्य, तोंड आणि शेजारची माती. रिकाम्या चौकटीत शून्य लिहा, रिकामी सोडू नका. त्याखाली पिल्लं किती उडाली, उडून किती दिवस झाले, आतलं तापमान आणि आर्द्रता.

तीन-चार बिळांवरून ‘वेड्या राघूच्या बिळात अमुक असतं’ असं म्हणता येत नाही. ‘या दरडीत, या वर्षी’ असं म्हणता येतं, आणि ते पुरेसं आहे.

चावले तर

पक्ष्यांचे माइट माणसावर घर करत नाहीत, पण चावतात. मनगट, पोट, पट्ट्याखालची जागा लाल होऊन खाजते. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि साबणानं अंघोळ करा. चमचा, पुरचुंड्या, बूट उन्हात चांगले तापवा. पुरळ दोन-चार दिवसांत उतरलं नाही किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि पक्ष्यांच्या बिळात काम केल्याचं सांगा, नाहीतर ते खरजेचा उपचार सुरू करतील. घरात कोंबड्या किंवा पाळीव पोपट असतील तर दरडीवरून आल्यावर त्याच कपड्यांत त्यांच्याकडे जाऊ नका.

चिठ्ठी आणि पुढचा ठिकाणा

चिठ्ठी पेन्सिलीनं, बाँड कागदावर, आणि कुपीच्या आत. पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेला कागद एका पावसाळ्यात गळून पडतो. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, पक्षी, बिळाचा कोणता भाग, तोंडापासून किती सेंटिमीटर, गोळा करणाऱ्याचं नाव. ‘राघू, नदीकाठ’ एवढंच लिहिलेली कुपी संग्रहालयात कोणी घेत नाही.

जातीपर्यंत ओळख हवी असेल तर नमुने दोन भागांत ठेवा. एक ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये, अंगाची रचना पाहण्यासाठी. दुसरा, काही थोडे, ९५ टक्क्यांत आणि थंड जागी, डीएनएसाठी. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे आणि मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा जुना संग्रह आहे. कृषी विद्यापीठांतल्या कीटकशास्त्र विभागांत पिकांवरच्या माइटचे जाणकार भेटतात. घरट्यातले माइट त्यांचा विषय नसला तरी स्लाइड नीट आहे की नाही, हे ते एका नजरेत सांगतात. कुपी पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा, परवान्याची प्रत जोडा, आणि शेजारच्या मातीची कुपीही त्याच डब्यात घाला.